फेराची टेप

थोरल्या जावेचा मला हेवा वाटायचा. लपवण्यात अर्थ नाही, आमच्या वाडीतल्या कोंबड्यांनाही ते माहीत होतं. रूपाने म्हणाल तर मीच उजवी, शाळाही मीच शिकलेली, आणि माझं माहेर नाते गावचं, म्हणजे महाडला जाऊन-येऊन असलेलं. पण तिचा नवरा घरी होता. सकाळी शेतावर गेला तर दुपारी भाकरीला परत येणारा. माझा नवरा मुंबईला, गावच्या गड्यांच्या खोलीवर. वर्षातून दोनदा दिसायचा, शिमग्याला आणि गणपतीला. जाऊ नवऱ्यावर खेकसायची, उशीर केला म्हणून ताट आपटायची, तेव्हा माझ्या पोटात दुखायचं. खेकसायला तरी माणूस समोर लागतो.

त्यात तिचा गळा. गौरीचा फेर धरायचा तर पहिली ओळ तिची. तिने तोंड उघडल्याशिवाय बायका पाऊल उचलायच्या नाहीत. गाणी मलाही येत होती, तीही माहेरची, वाडीत कुणी न ऐकलेली. पण धाकटीने मागून म्हणायचं, असा रिवाज. मी मागून म्हणायचे आणि आतल्या आत धुमसायचे.

ही गोष्ट मोबाईल यायच्या आधीची. त्या वर्षी नवरा शिमग्याला आलाच नाही. कंपनीत माणसं कमी होती. निदान गणपतीला येईल म्हणून मी नवी साडी तशीच घडी घालून ठेवली. श्रावणात निरोप आला, पोलादपूरला बूथवर ये, फोन करतो. धावत खाली गेले.

"रजा नाय भेटली गो," तो म्हणाला. आणि लगेच घाईघाईने पुढचं सांगायला लागला. "पण आइक ना. खोलीवर आम्ही सगळ्यांनी मिळून टीव्ही घेतलाय, व्हीसीआर पण घेतलाय. मंडळ गावासाठी शूटिंगचा कॅमेरा घेणार हाय. गौरी-गणपती टेपवर घ्या आणि पाठवून द्या. दादाला सांग, चांगला बघून घे. नुसत्या मुंग्या दिसायला नकोत."

पोलादपूरहून वर वाडीपर्यंतचा चढ मी त्या दिवशी कसा चढले कळलं नाही. डोक्यात एकच. तो मला बघणार होता. गेल्या गणपतीनंतर पहिल्यांदा. मग मी त्याला अशी दिसले पाहिजे, इतकी स्वच्छ, इतकी जवळ, की पुढच्या खेपेला साहेबाने रजा नाकारली तर हा साहेबाशी भांडेल. साडी बाहेर काढली. आणि मग आठवलं की टेपवर जाऊबाईही असणार, आणि पहिली ओळ तिची असणार. अंगाचा तिळपापड झाला.

गावातल्या मंडळाचं काम थोरल्या दिरांकडे होतं, म्हणून महाडला जाऊन कॅमेरा बघायचा तो त्यांनी. जाऊबाई म्हणाल्या, फेर आमचा, मीपण येणार. मी म्हटलं, खोक्यावर काय लिहिलंय ते वाचायला कुणीतरी हवंच. दिरांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि तिघांची तिकिटं काढली. एसटीत आम्ही दोघी एका बाकावर बसलो आणि महाड येईपर्यंत खिडकीवरून धुसफुसत राहिलो.

दुकानदाराकडे दोन कॅमेरे होते. एक लहान, चंदेरी, मुठीत मावेल असा. दुसरा काळा, खांद्यावर घ्यायचा, आखातातून परतलेल्या कुणीतरी विकायला ठेवलेला. जाऊबाईंनी लहान उचलला तो खाली ठेवेनात.

"ह्योच घ्या. किती गोड हाय."

दुकानदार म्हणाला, "त्याची टेपही लहान असते, वहिनी. मुंबईच्या खोलीवर जे मशीन आहे त्यात ती सरळ बसणार नाही. मोठ्या कॅमेऱ्यात मोठी टेप, इथून काढली की तिथे घातली."

मी लगेच मोठ्याच्या बाजूने झाले. खरं सांगायचं तर दुकानदार मोठा नको म्हणाला असता तर मी लहानाच्या विरोधात दुसरं काही शोधलं असतं.

वापरलेला कॅमेरा घ्यायचा तर कसा पारखायचा तेही त्याने दाखवलं. त्याने दिरांना दाराशी उभं केलं, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचं थोडं शूटिंग घेतलं आणि दुकानातल्या टीव्हीवर लावलं. मग चित्र मध्येच थांबवलं. "थांबवल्यावर चित्र हललं नाही, सदऱ्याची कड फाटली नाही, म्हणजे आतलं डोकं, टेप ज्यावर घासत जाते तो भोवरा, चांगलं आहे." दीर टीव्हीत थांबले आणि बाहेरचे दीर त्यांच्याकडे बघत दाराशी तसेच ताठ उभे. जाऊबाई पदर तोंडावर धरून हसल्या. तो हसू आलेला चेहराही मला आवडला नाही.

मग टेपा. आणि खरं भांडण तिथे झालं.

टेप तीन तासांची. दुकानदार म्हणाला, कॅमेऱ्यावर एक बटण आहे, ते हळू चालीवर लावलं तर तीच टेप दुप्पट वेळ चालते, पण चित्र पातळ होतं, आवाज भुसभुशीत होतो, पुसट माणसं पुसट राहतात. नीट चालीवर घेतलं तर तीनच तास, पण डोळ्यातली बुबुळं दिसतील. वापरलेली टेप पुसून घेऊ नका, कोरी आणि सीलबंद घ्या. फार लांबीची घेऊ नका, ती पातळ असते, ओढली जाते. उजेड कमी असेल तर कितीही चांगली टेप घ्या, मुंग्या येणारच.

जाऊबाई म्हणाल्या, "हळूच लावा. सगळी वाडी यायला होवी. मुंबईला समद्यांचीच माणसं हायत. घरटी एकेकानं पुढं येऊन दोन शब्द बोलायचं."

बोलणं शहाणपणाचं होतं. पण मला बुबुळं हवी होती.

"सगळी वाडी येईल आणि एकही ओळखू येणार नाही," मी म्हटलं. "त्यांनी फोनवर बजावून सांगितलंय, मुंग्या नकोत."

"तुला बजावून सांगितलं?"

"मग काय तुम्हाला?"

दिरांनी दोघींच्या मध्ये हात घातला आणि दोन टेपा घेतल्या. दोन्ही नीट चालीवर. म्हणजे वाडीही मावेल आणि बुबुळंही दिसतील. घरी येताना दोन्ही टेपा जाऊबाईंच्या पिशवीत होत्या. मला ते खपलं नाही. घरी पोचल्यावर त्यांची पाठ वळताच एक टेप काढून मी माझ्या ट्रंकेत घातली, नव्या साडीखाली. तिला दोन्हींवर मालकी कशाला?

आमच्याकडे नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू होतं. नवा फाळ असो, नवं जातं असो, शिवणयंत्र असो. आणि कुंकू लावायचं ते वस्तूच्या तोंडाला. जात्याला जिथे दाणा घालतात तिथे, चुलीला जिथे लाकूड सारतात तिथे. हा मान घरात थोरलीचा. गणपती बसले त्या सकाळी कॅमेरा पाटावर ठेवला, जाऊबाईंनी नारळ ठेवला, फूल ठेवलं, आणि बोटावर कुंकू घेऊन त्या तोंड शोधायला लागल्या. काचेला लावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी महाडला नीट बघितलं होतं. टेप घालायचं झाकण उघडलं, आत चकचकीत गोल भोवरा दिसला, त्याला त्यांनी भरघोस हळदकुंकू लावलं. मग टेपेची झडप वर उचलून त्या काळ्या फितीलाही टिळा लावला. वर अक्षता टाकल्या.

मी समोर उभी होते. मला तेव्हा कुठे माहीत होतं काय होणार. मी फक्त मनात म्हणत होते, हाही मान तिलाच.

खोलीवरच्या गड्यांपैकी एकाला रजा मिळाली होती, तो शूटिंग करणार होता. त्याने थोडं शूटिंग घेतलं, ते नळीतच परत लावून बघितलं आणि ओरडला, "आरे, हितं तं नुसता पाऊस पडतोय!" बाहेर लख्ख ऊन होतं. झाकण उघडलं तर आत लाल-पिवळा चिखल. दिरांनी डोक्याला हात लावला, कॅमेरा टॉवेलात गुंडाळला आणि मिळेल त्या एसटीने महाड गाठलं. दुकानदाराने स्पिरिट लावून भोवरा साफ केला, अक्षतेचा दाणा चिमट्याने काढला, आणि म्हणे इतका हसला की दिरांना चहा पाजावा लागला त्याला. कॅमेरा वाचला. टेप गेली.

जाऊबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मी मात्र चुलीपुढे बसून गाणं गुणगुणत होते. आणि दुसरी एसटीतच पडली म्हणून सगळे हळहळत असताना उठून ट्रंकेतली सीलबंद टेप आणून दिरांच्या हातात दिली. "ही कुठे होती?" त्यांनी विचारलं. "मी नीट ठेवली होती," म्हटलं. माझ्या मत्सराने वाडीचा गणपती वाचवला, हे आजही मी अभिमानाने सांगते.

पण आता टेप एकच. पुन्हा तोच वाद, हळू चाल की नीट चाल. या वेळी जाऊबाईंच्या तोंडात जोर नव्हता. मी म्हटलं तसंच झालं. नीट चाल. मग काय काय कापायचं? आरती हवीच. गड्यांचा नाच हवाच. घरटी दोन शब्द बोलायचे होते ते कापले. फेराची दोनच गाणी ठेवली, एक तिचं, एक माझं. पहिलं तिचं, ते मला हलवता आलं नाही. पण दुसरं माझं आणि पुढून, माझ्या तोंडाने सुरू होणारं. एवढं मी मिळवलं.

उजेड हवा म्हणून फेर भर दुपारी धरला. दिवसा फेर म्हणजे बायका हसून बेजार. पावसाने उघडीप दिली होती, अंगण ओलं होतं, आणि मी नवी साडी नेसून असे डोळे उघडे ठेवून गायले की नंतर त्यांतून पाणी आलं. बुबुळांसाठी. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. ती कुठे होती, काय करत होती, मला काही आठवत नाही. माझं लक्ष सगळं त्या काळ्या नळीकडे.

टेप मुंबईला गेली. आमच्याकडे टीव्ही नव्हता, त्यामुळे ती कशी आली हे वाडीत कुणीच बघितलं नाही. मी दिवस मोजत होते. फोन आला तशी पोलादपूरला उतरले.

"बघितली गो. एक नंबर आलीय. काचेसारखी."

मी थांबले.

"वयनीचं गाणं फक्कड."

मी आणखी थांबले. "आणि माझं?"

"तुझं पण बरं हाय ना," तो म्हणाला, आणि भात पोसवलं का, पाऊस कसा आहे असलं काहीतरी विचारायला लागला.

बरं हाय! कुणाच्या टेपेवर, कुणाच्या हट्टाने आलेलं चित्र, आणि कौतुक कुणाचं. शेजीबाईची कढी, धावूधावू वाढी म्हणतात ते हेच. मी बूथवाल्याशी उगाच भांडून घरी आले.

इथवर तरी ठीक होतं. दिवाळीला खोलीवरचे गडी आले आणि त्यांच्यातला एकजण अंगणात सगळ्यांसमोर हसत हसत सांगायला लागला, "हिचा नवरा तं येडाच झालाय. जेवान झालं का टेप लावतो. त्या पहिल्या फेराशी आणून थांबवतो आणि बघत बसतो. आमाला क्रिकेट बघूं देत नाय." सगळे हसले. जाऊबाईही हसल्या. पहिला फेर म्हणजे तिचा फेर.

त्या दिवसापासून माझ्या मनात जे बसलं ते बसलं. मी नवऱ्याला कधी विचारलं नाही. विचारायचं काय? वर्षातून दोनदा भेटणाऱ्या माणसाशी त्या चार दिवसांत हे भांडण काढायचं? तो आला की जाऊबाईंना "वयनी, वयनी" करायचा, आणि मी त्यांच्या ताटात वाढलेल्या भाजीकडेही संशयाने बघायचे. जाऊ तशी सरळ मनाची होती, तिला कळलंही नसेल. मला मात्र तिचं गाणं सोसेना. फेराच्या वेळी मी मुद्दाम गौरीपाशी काहीतरी काम काढून घरात बसायला लागले. वाडीला वाटलं, हिचा आवाज गेला.

असं किती वर्षं चाललं, मोजवत नाही. दीर वारले. खोली मोडली. नवरा निवृत्त होऊन कायमचा घरी आला, आणि ज्याच्यावर खेकसावं असा माणूस अखेर मला मिळाला, मी खेकसलेही. त्याच्या सामानात ती टेप होती. पत्र्याच्या डब्यात, कोरड्या तांदळात पुरलेली. आमच्या पावसात टेपेला बुरशी धरते म्हणून त्याने ती तशी जपली होती. मी डबा बघितला आणि फळीवर पार मागे ढकलला.

गेल्या उन्हाळ्यात मुलगी पनवेलहून म्हणाली, आई, तुझं गाणं मला मोबाईलवर हवंय, तू कधी म्हणतच नाहीस. माझं गाणं म्हटल्यावर मी विरघळले. मी आणि नवरा टेप घेऊन महाडला गेलो. टेपेवरचं मोबाईलवर उतरवून देणारे दोघे सापडले. पहिल्याच्या मशीनमध्ये मी त्याचीच एक टेप लावायला लावली आणि म्हटलं, चित्र थांबवून दाखवा. कड फाटली. तिथून उठलो. दुसऱ्याचं मशीन जुनंच, पण चित्र खिळल्यासारखं थांबलं. तिथे टेप दिली आणि समोरच्या खुर्च्यांवर बसलो.

इतक्या वर्षांत मी ती पहिल्यांदा बघत होते. नवरा खरं बोलला होता, काचेसारखी आली होती. आरती, नाच, केळीच्या पानांवरचं पाणीसुद्धा. मग जाऊबाई पुढे आल्या, त्यांनी तोंड उघडलं, आणि मी दात आवळले. गाणं खरंच चांगलं होतं. आणि मध्येच चित्र फुटलं. पांढऱ्या रेघा, मुंग्या, आवाज घरघरला, मग पुन्हा नीट.

दुकानदाराने मान हलवली. "बाकी टेप नव्यासारखी आहे. इथेच घासलीय. कुणीतरी याच जागी थांबवून थांबवून बघितलीय. थांबवली की डोकं तिथल्या तिथे घासत राहतं."

मी नवऱ्याकडे वळले. दुकानदार ऐकतोय याची मी पर्वा केली नाही. "सांगा आता," म्हटलं. "वयनीच्या तोंडात असं काय होतं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, चोर सापडला.

"वयनी?" तो म्हणाला. "वयनीकडं कोण बघत होतं गो? मागं ओट्यावर दादा बसला होता. आपली पोर त्याच्या खांद्यावर झोपलेली. गाण्याच्या आवाजानं उठते, इकडंतिकडं बघते, दादाला बघते आणि परत त्याच्या गळ्यात तोंड घालून झोपते. तेवढंच."

टीव्हीवर आता माझं गाणं सुरू झालं होतं.

"मी यायचो तं माझ्याजवळ येत नव्हती ती. परका माणूस म्हणून रडायची. दादाकडं पळायची." तो टीव्हीकडे बघत बोलत होता. "लय जळायचो मी दादावर. एकच सख्खा भाऊ माझा, त्याचं तोंड बघवायचं नाय मला. त्या टेपेत पोर दुसऱ्या कुठंच नाय. मी समदी बघितली. घरटी बोलायला येतील तवा तू तिला कडेवर घेऊन येशील असं वाटलं होतं. पण ते घेतलंच नव्हतं तुम्ही."

ते मी कापलं होतं. बुबुळांसाठी.

मी दुकानदाराला म्हटलं, ती जागा जरा मागे घ्या. त्याने घेतली. एकदा, दोनदा. रेघांच्या मागे ओट्याची कड कळत होती, पांढऱ्या सदऱ्यासारखं काहीतरी कळत होतं, आणि बाकी मुंग्या. "साफ होईल का?" नवऱ्याने विचारलं. "घासलं ते गेलं, काका," तो म्हणाला.

संध्याकाळी मुलीला पाठवलं. तिने लगेच फोन केला, खूश होती. आई, किती सुंदर दिसतेस गं, डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसतंय. मग म्हणाली, "पण मी कुठे आहे? मी सगळं बघितलं, मी कुठेच नाही."

नवऱ्याने माझ्या हातातून फोन घेतला.

"हायस ना," तो म्हणाला. "काकीचं गाणं लाव. चित्र फुटतं बघ मधीच. तिथं हायस."